ऑर्डर म्हणजे परवाना नव्हे

अमेरिकन फौजेत असलेल्या आपल्या मराठी मुलामुलींनो, त्यांच्या नवरे-बायकांनो, आणि तिकडे पुण्यात, साताऱ्यात, नाशकात, बेळगावात त्यांच्या फोनची वाट बघणाऱ्या काका-काकूंनो,

सगळ्यांना नमस्कार. मी मूळची साताऱ्याकडची, वडील मराठा लाइट इन्फंट्रीतून सुभेदार म्हणून रिटायर झाले, नवरा अमेरिकन आर्मीत सार्जंट आहे, त्याचे आईवडील सोलापूरचे पण तो वाढला टेक्ससमध्येच. म्हणजे दोन देशांची फौज मी घरात बसून बघितलीये. आपल्या लोकांत एका विषयावर कुणी बोलतच नाही म्हणून आज लिहायला बसले. बदली झाली, इकडच्या भाषेत पीसीएस ऑर्डर आली, की घरातल्या स्वतःच्या बंदुकीचं काय करायचं?

काही जण म्हणतील आपल्या मराठी घरात कुठली आलीये बंदूक. आहे हो. टेक्सस, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना, अलास्का अशा ठिकाणी पोस्टिंग असलं की युनिटमधल्या सगळ्यांकडे असते, वीकेंडला सगळे रेंजवर जातात, आपला पोरगाही एक घेतो. टेक्ससमध्ये तर २०२१ पासून अंगावर बाळगायलाही बहुतेकांना लायसन्स लागत नाही. घरी फोनवर सांगत नाहीत एवढंच, कारण आई घाबरेल.

आपल्याकडे फौजी माणसाला हा प्रश्न फारसा पडतच नाही. बाबांची रायफल ही सरकारची, ड्यूटी संपली की कोतमध्ये, म्हणजे पलटणीच्या शस्त्रागारात जमा, रजिस्टरवर सही, विषय संपला. गावात ज्यांच्याकडे परवान्याची बंदूक होती त्यांची इलेक्शन आली की पोलीस ठाण्यात जमा व्हायची, हे मी लहानपणापासून बघितलंय. आणि कायदा सगळ्या देशाला एकच, १९५९ चा आर्म्स ॲक्ट, तुम्ही साताऱ्यात असा नाहीतर जबलपूरला. त्यामुळे आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं की सरकारनेच बदली केलीये म्हटल्यावर कागद ठीकच असणार. इथे तसं नाहीये. इथे केंद्राचे नियम आहेतच, पण त्यावर प्रत्येक राज्याचा आपला वेगळा कायदा, काही ठिकाणी तर शहराचा आणि काउंटीचाही (म्हणजे जिल्ह्याचाही) वेगळा. जी वस्तू टेक्ससमधल्या एल पासोमध्ये कपाटात ठेवली तर कुणी विचारत नाही तीच दुसऱ्या राज्यात कपाटात ठेवली तर गुन्हा होतो, आणि तुमच्या हातात आर्मीची ऑर्डर असली तरी होतो.

आमचंच सांगते. दोन वर्षांपूर्वी उन्हाळ्यात आमची ऑर्डर आली, एल पासोच्या फोर्ट ब्लिसवरून हवाई. नवऱ्याकडे एक ग्लॉक १७ पिस्तूल, रीतसर दुकानातून घेतलेली, पावतीसकट. निघायच्या आधी एका ऑफिसात ब्रीफिंग झालं, त्यात घर कसं मिळेल, गाडी बोटीने कशी जाईल, कुत्रा असेल तर क्वारंटाइनचे कागद कसे करायचे, सगळं सांगितलं. बंदुकीचं मी स्वतः हात वर करून विचारलं तर समोरचा माणूस म्हणाला, तुम्ही ऑर्डरवर जाताय ना, मग तुम्हाला स्टेटचं काही लागू नाही. आम्ही मान डोलावली. इतक्या मोठ्या फौजेत इतक्या वर्षांत हजारो लोक हवाईला गेलेत, त्यांना माहीत नसेल असं वाटलंच नाही.

पॅकर्स आले त्या दिवशी घरात चार माणसं, सगळीकडे खोकी, टेपचा आवाज. त्यांचा मुख्य माणूस कागद घेऊन विचारत होता, फायरआर्म आहे का, ॲम्युनिशन आहे का. बंदूक सामानात द्यायची तर मेक, मॉडेल आणि सिरीयल नंबर इन्व्हेंटरीत लिहून द्यावा लागतो, आणि गोळ्या तर ते घेतच नाहीत, एकसुद्धा नाही. आम्ही पिस्तूल विमानाने बरोबर नेणार होतो. शेजारच्या वहिनी (मराठी नव्हेत, पण मी त्यांना वहिनीच म्हणायचे) कॉफी घेऊन आल्या होत्या, त्यांची आधीची पोस्टिंग हवाईलाच झालेली. मी ड्रॉवर रिकामा करत होते त्यात दोन मॅगझिन (पिस्तुलात गोळ्या भरून घालायचे डबे) निघाली. त्यांनी एक हातात घेतलं, उलटं केलं. मागच्या बाजूला छोटी छोटी भोकं असतात बघा, शेजारी आकडे, शेवटचा आकडा १७. त्यावर बोट ठेवून म्हणाल्या, हे तू हवाईला नेऊ नकोस, तिथे पिस्तुलाला १० गोळ्यांच्या वरचं मॅगझिन चालत नाही.

माझा विश्वास बसेना. त्या रात्री खोक्यांवर बसून आम्ही दोघांनी हवाईचा कायदा वाचून काढला. खरंच होतं. १० राउंडच्या वरचं मॅगझिन नुसतं जवळ असणं हा गुन्हा, आणि ते पिस्तुलात घातलेलं सापडलं तर थेट फेलनी, म्हणजे गंभीर गुन्हा. फेलनी म्हणजे काय हे फौजेतल्या माणसाला सांगायला नको, नोकरी, सिक्युरिटी क्लिअरन्स, सगळंच धोक्यात. पुढे वाचलं तर आणखी एक. राज्यात शस्त्र आणलं की पाच दिवसांच्या आत पोलिसांकडे नोंदवायचं, माणूस किंवा शस्त्र यातलं जे नंतर पोचेल तिथपासून पाच दिवस. आम्हाला काही लागू नाही असं ज्याने सांगितलं होतं त्याच्यावर मी त्या रात्री खूप चिडले, पण चिडून काय, बोट कुणी ठेवलं असतं तर ते माझ्या नवऱ्याच्या वर्दीवर ठेवलं असतं. दोन्ही मॅगझिन सकाळी तिथल्याच मित्राला देऊन टाकली आणि १० ची दोन नवी घेतली.

विमानाचंही ऐका. पिस्तूल रिकामं, कडक कुलूपबंद केसमध्ये, चेक-इनच्या काउंटरवर स्वतःहून सांगायचं की यात फायरआर्म आहे, मग ते कार्ड भरून घेतात. केबिनच्या बॅगेत गोळीसुद्धा चुकून राहता कामा नये. आमचं लॉस एंजेलिसला विमान बदलणं होतं आणि मी पूर्ण वेळ एकच प्रार्थना करत होते की कनेक्शन चुकू नये, कारण मी एक केस वाचली होती. युटाचा एक माणूस न्यूअर्कवरून पेन्सिल्व्हेनियाला निघालेला, विमान चुकलं, एअरलाइनने बॅग त्याच्या हातात दिली, रात्र हॉटेलात काढली, सकाळी त्याने नियमाप्रमाणे काउंटरवर पिस्तूल आहे म्हणून सांगितलं आणि न्यू जर्सीच्या कायद्याखाली त्याला अटक झाली. १९८६ चा एक केंद्रीय कायदा आहे ना, फोपा म्हणतात, प्रवासात राज्याराज्यांतून शस्त्र नेताना संरक्षण देणारा, तो त्याने पुढे केला, तर २०१० मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की रात्रभर बॅग तुझ्या हाताशी होती म्हणून ते संरक्षण तुला नाही. बिचाऱ्याने लपवलं काहीच नव्हतं, स्वतःहून सांगितलं होतं.

आम्ही होनोलुलूला पोचलो गुरुवारी रात्री. चार तासांचा फरक, पोर रडतंय, राहायला टेम्पररी लॉजिंग. शुक्रवार नवऱ्याचा इन-प्रोसेसिंगमध्ये, म्हणजे नव्या पोस्टवर हजर व्हायच्या कागदांत गेला. शनिवार-रविवार काउंटर बंद. सोमवारी युनिटने सोडलं नाही. म्हणजे मंगळवार, शेवटचा दिवस. सकाळी बेरेटानिया स्ट्रीटवरच्या पोलिस मुख्यालयात जाऊन उभे राहिलो, माझ्या हातात फाइल, ऑर्डरची प्रत, मिलिटरी आयडी, दुकानाची पावती, त्याच्या हातात कुलूपबंद केस. तिथल्या अधिकाऱ्याने केस उघडली, टॉर्च लावून सिरीयल नंबर वाचला, कागदावर लिहिला, परत वाचला. एक एक अक्षर. मी श्वास रोखून बघत होते, आणि खरं सांगते, मला बाबांच्या कोतमधला रजिस्टरवाला हवालदार आठवला, तोही असाच दोन-दोनदा नंबर वाचायचा. पोस्टवर राहायला गेल्यावर तिथल्या मिलिटरी पोलिसांकडे परत वेगळी नोंद. बॅरक्समध्ये राहणाऱ्या एकट्या मुलांना तर बंदूक खोलीत ठेवताच येत नाही, आर्म्स रूममध्ये, म्हणजे युनिटच्या शस्त्रागारात जमा करावी लागते.

शेजारच्या वहिनी त्या दिवशी कॉफी घेऊन आल्या नसत्या तर दोन मॅगझिन बॅगेत घालून आम्ही त्याच पोलिसासमोर जाऊन उभे राहिलो असतो.

तुम्ही म्हणाल फौज हे का सांगत नाही. एक कारण मला नंतर कळलं. २०११ च्या संरक्षण कायद्यात अमेरिकन काँग्रेसने (इथल्या संसदेने) घालून ठेवलंय की पोस्टच्या बाहेर सैनिकाने कायदेशीर ठेवलेल्या खासगी बंदुकीची माहिती संरक्षण खात्याने गोळा करायची नाही. एखाद्याच्या जिवाला धोका वाटला तर कमांडर विचारू शकतो, अशी मोकळीक नंतर दिली. म्हणजे एरवी तुमच्याकडे बंदूक आहे का हे कमांड विचारणार नाही. त्यात चूक आहे असं मी म्हणत नाही, लोकांच्या घरात डोकावू नये हे बरोबरच. पण विचारायची बंदी आहे, सांगायची नाहीये ना. ब्रीफिंगमध्ये कुणालाही न विचारता सगळ्यांना एक कागद वाटता येईल, तुम्ही ज्या राज्यात चाललात तिथला नियम हा, दिवस इतके. कुत्र्याच्या क्वारंटाइनचा कागद वाटतात, मग हा का नाही? तुमच्यापैकी जे आता वरच्या रँकला आहेत, कंपनी चालवतात, फर्स्ट सार्जंट आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे, तुमच्या पोरांना जाण्याआधी हे सांगा.

आणि प्रत्येक राज्याचं घड्याळ वेगळं आहे. मेरीलँडला राहायला गेलात, फोर्ट मीडला, तर पिस्तूल ९० दिवसांत नोंदवायचं, २०१३ पासून. न्यू जर्सीला, मॅग्वायर-डिक्स-लेकहर्स्टच्या तळावर चाललात तर २०२२ साली तिथे नवा कायदा झालाय, बाहेरून राहायला येणाऱ्याने ६० दिवसांत बंदूक बाळगणाऱ्याचं ओळखपत्र काढायचं आणि पिस्तूल नोंदवायचं. कॅलिफोर्नियात ६० दिवसांत फॉर्म भरून कळवायचं, पण फौजी माणसाचा रहिवास कधीपासून धरायचा याचा नियम तिथे निराळा, आणि १० च्या वरची मॅगझिन आणायलाच बंदी. कोलोरॅडोत फोर्ट कार्सनला गेलात तर मर्यादा १५ ची. टेक्ससचं कॅरी लायसन्स यातल्या अर्ध्याअधिक ठिकाणी शून्य किमतीचं.

न्यूयॉर्क राज्य मात्र सगळ्यात कडक आणि तिथेच आपली पोरं फसतात, म्हणून नीट वाचा. तिथल्या फोर्ट ड्रमची ऑर्डर आली की लोक नॉर्थ कॅरोलायनातल्या फोर्ट ब्रॅगवरून गाडीत सामान भरतात, पिस्तूल डिकीत कुलूप लावून ठेवतात आणि म्हणतात फोपा आहे ना. फोपाचं संरक्षण कधी मिळतं, तर निघताना आणि पोचताना, दोन्ही ठिकाणी ते शस्त्र बाळगणं तुम्हाला कायदेशीर असेल तेव्हाच. न्यूयॉर्कमध्ये पिस्तूल घरात ठेवायलासुद्धा तिथल्या काउंटीचं लायसन्स लागतं आणि दुसऱ्या राज्याचं ते मानत नाहीत. म्हणजे पोचायच्या ठिकाणीच बेकायदेशीर, मग वाटेतलं संरक्षणही गेलं. लायसन्सला कायद्यानेच सहा महिन्यांपर्यंत मुदत दिलीये, तोवर पिस्तूल कुठे ठेवायचं हे आधी ठरवावं लागतं. दुसऱ्या राज्यातल्या मित्राला किंवा मेहुण्याला थेट विकून किंवा देऊन टाकता येत नाही, ते लायसन्सवाल्या डीलरमार्फतच करायचं, हा केंद्राचा नियम. २०११ मध्ये इंडियानाचा एक माजी मरीन एम्पायर स्टेट बिल्डिंग बघायला गेला आणि आपल्या राज्याचा परवाना आहे म्हणून पिस्तूल कुठे जमा करू असं त्याने तिथल्या गार्डला विचारलं. अटक. साडेतीन वर्षांची शिक्षा डोक्यावर लटकत होती, शेवटी तडजोडीत सौम्य गुन्ह्यावर सुटला. माजी मरीन असल्याने अटक काही टळली नाही.

शिवाय २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाचा, बंदूक बाळगायच्या हक्कावरचा ब्रुएनचा निकाल आला, तेव्हापासून राज्यं सारखी कायदे बदलतायत, कोर्टात केसेस चाललेल्या आहेत. म्हणून तीन वर्षांपूर्वी तिथे राहून आलेल्या मित्राचं ऐकून चालू नका, माझंही ऐकून चालू नका. पोस्टवर लीगल असिस्टन्सचं ऑफिस असतं, तिथले जॅग, म्हणजे फौजेचेच वकील, फुकट सल्ला देतात, त्यांच्याकडे जा, आणि ऑर्डर हातात पडली त्याच आठवड्यात जा. पोचल्यावर विचारू म्हणालात तर हवाईसारख्या ठिकाणी पाचातले तीन दिवस गेलेले असतात. सायलेन्सर, आखूड बॅरलची रायफल असले प्रकार असतील तर त्यांचं प्रकरण वेगळं, आखूड रायफल राज्याबाहेर न्यायच्या आधी एटीएफची, म्हणजे शस्त्रांचं बघणाऱ्या केंद्राच्या खात्याची लेखी परवानगी लागते, आणि काही राज्यांत ती वस्तूच चालत नाही.

आता काका-काकूंशी थोडं बोलते, कारण आपल्या घरांत अजून एक गाठ आहे जी गोऱ्या कुटुंबांना नसते. तुमचा मुलगा ग्रीन कार्डवर भरती झाला असेल आणि अजून सिटिझन झाला नसेल, तर बंदुकीच्या गुन्ह्यात दोषी ठरणं हे देशाबाहेर काढायचं कारण होऊ शकतं. वर्दीत असला तरी. अशा वेळी जॅगच्या जोडीला इमिग्रेशनचा वकील गाठा. आणि ज्या मुली लग्न ठरून के-वन व्हिसावर येतायत, आणि तुम्ही स्वतः जे सहा महिने टूरिस्ट व्हिसावर नातवंडं सांभाळायला येता, त्या सगळ्यांना इथल्या केंद्रीय कायद्याने बंदूक किंवा गोळ्या जवळ बाळगायला मनाई आहे, हंटिंग लायसन्ससारखे थोडे अपवाद सोडले तर. ही गोष्ट मी इथल्या एकाही मराठी घरात कुणाला माहीत असलेली बघितली नाही. म्हणून सेफचा नंबर फक्त ज्याची बंदूक त्याच्याकडे असू द्या. नवरा डिप्लॉयमेंटवर गेला आणि घरी टूरिस्ट व्हिसावरचे सासू-सासरे, तर ती आर्म्स रूममध्ये जमा करून जा म्हणावं.

बाबा मागच्या हिवाळ्यात आले होते. चोवीस वर्षं रायफल हाताळलेला माणूस, जावयाबरोबर रेंजवर जायला सकाळीच तयार होऊन बसले, बूट पॉलिश करून. मला त्यांना थांबवावं लागलं. व्हिसाचं पान काढून दाखवलं, कायदा वाचून दाखवला. वाईट वाटलं मला, खूप. ते गप्प बसले थोडा वेळ, मग म्हणाले, नियम आहे ना, मग झालं. बूट काढून ठेवले आणि नातवाला घेऊन समुद्रावर गेले.

तर काकू, रविवारी फोन आला की जेवलास का च्या नंतर एवढं विचारा. बाळा, तुझ्याकडे बंदूक आहे का, आणि बदली कुठे झालीये? तो चिडेल, तुला काय कळतंय म्हणेल, तरी विचारा. दोन्हीची उत्तरं मिळाली की लीगल असिस्टन्सला कधी जातोयस ती तारीख मागून घ्या.

आमची पुढची ऑर्डर वसंतात येईल आणि यादीत फोर्ट ड्रमचं नाव आहे. नवऱ्याने जॅगकडे या महिन्याची अपॉइंटमेंट घेतलीये, आणि तिथल्या जेफरसन काउंटीच्या लायसन्सचं काय काय लागतं ते मी आत्तापासूनच लिहून काढतेय.

तुमची,
साताऱ्याची एक लेक, सध्या हवाई